मोडीच्या कागदांसाठी नवा आयपॅड घ्यावा का?

प्रश्न (मार्च २०२५ मध्ये कराडहून आलेलं एका निवृत्त शिक्षकांचं पत्र, थोडं आटोपतं करून; किमती तेव्हाच्या) :

"मी ६६ वर्षांचा आहे. माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकलो. आता आमच्या भागातल्या जुन्या घराण्यांकडचे कागद वाचून त्यांचं देवनागरीत लिप्यंतर करतो. मूळ कागद सारखे हाताळायला नकोत म्हणून सगळे स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये ठेवलेत. मोबाइलवर वाचताना डोळ्यांची आणि मानेची वाट लागते. लिप्यंतर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करतो, पण त्याच्यापुढे फार वेळ बसवत नाही. मुलगा पुण्याला असतो, आयफोन वापरतो. तो म्हणतो, नवा आयपॅड आलाय तो घ्या, जमलं तर त्यातला महागडा आयपॅड एअरच घ्या. मेव्हणे म्हणतात, पंधरा हजारांचा कुठलाही टॅब चालेल. माझी तयारी चाळीस हजारांपर्यंत आहे. पाडव्याला घ्यावा असं मनात आहे, पण नवी वस्तू बाजारात आल्या आल्या घेऊ नये असंही ऐकतो. आणि टॅब आल्यावर जुना कॉम्प्युटर काढून टाकावा का?"

सर, नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. घ्या. मात्र एअर नको आणि पंधरा हजारांचाही नको. दुकानात जाताना तो पेनड्राइव्ह खिशात असू द्या. तुमच्या संग्रहातला सगळ्यांत छळवादी कागद, म्हणजे शाई उडालेला, मागच्या बाजूचं अक्षर पुढं उमटलेला असा एखादा, तिथल्या पडद्यावर उघडून वाचून बघा. तोवर पाकीट बाहेर काढू नका.

टॅबबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत वस्तू आधी ठरलेली असते आणि तिला काम शोधायचं बाकी असतं. असा टॅब आठवडाभर कौतुकात जातो आणि मग नातवंडांच्या कार्टूनसाठी उरतो. तुमचं काम ठरलेलं आहे, रोज चालू आहे, आणि ते फोनवर नीट होत नाही. म्हणून माझं काम सोपं झालं. मला फक्त मोडी कागदाच्या बाजूनं बघायचंय.

आता हा नवा आयपॅड म्हणजे काय ते. ४ मार्च २०२५ ला तो जाहीर झाला आणि १२ मार्चपासून विक्रीला आला. १२८ जीबीचा वाय-फाय आयपॅड ३४,९०० रुपयांना आला. यात नवं म्हणाल तर आतली ए१६ चिप आणि दुप्पट झालेली साठवण. बाकी देह २०२२ च्या आयपॅडचाच आहे. पडदा तोच, बटणं तीच, पडद्यावर लिहायच्या पेन्सिली त्याच. ॲपल कंपनी आता त्याला ११ इंची म्हणते, पूर्वी १०.९ म्हणायची, पण मोजपट्टी लावली तर दोन्ही वेळा १०.८६ इंचच भरतात. तेव्हा 'नवी वस्तू लगेच घेऊ नये' हा नियम इथं फारसा लागत नाही. जी गोष्ट नवी असल्यानं बिघडू शकली असती ती अडीच वर्षं लोकांच्या हातात वापरून झालेली आहे.

थांबल्यानं भाव उतरतो का? मागच्या आयपॅडचा उतरला होता. तो भारतात ४४,९०० ला आला, वर्षभरानं ३९,९०० झाला आणि मे २०२४ मध्ये ३४,९०० वर आला. पण नव्याची सुरुवातच त्या उतरलेल्या भावापासून झालीय, तेही दुप्पट जागा देऊन. आणखी दहा हजार उतरतील म्हणून वाट बघत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. तेवढ्या काळात तुमचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाचून व्हायचे.

आता मूळ मुद्दा, पडदा. तुमची पानं ए-४ आकाराची आहेत आणि ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं, स्कॅन केलीत असं धरू. अशा एका पानात रुंदीत २४८० आणि उंचीत ३५०८ ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. आयपॅडच्या पडद्यावर १६४० गुणिले २३६० ठिपके आहेत, म्हणजे ३८ लाखांच्या वर. पान उभं धरून पूर्ण दाखवलं तर रुंदीतला आणि उंचीतला जवळपास दोन तृतीयांश तपशील शाबूत राहतो. उरलेल्यासाठी दोन बोटांनी चित्र मोठं करायचं. सलग वाचायला एवढं पुरतं, अडलं की मोठं करून बघायचं. वाचनाची लय तुटत नाही.

आता मेव्हण्यांचा टॅब बघा. स्वस्तातल्या दहा इंची टॅबवर बहुधा १२८० गुणिले ८०० ठिपके असतात. गुणाकार करा, दहा लाख भरतात. त्यातही पडदा लांबोडका, सिनेमा बघण्यासाठी बेतलेला. पान त्यावर उभं बसवलं की वर-खाली पट्टी मोकळी राहते आणि ते ठिपकेही वाया जातात. छापील देवनागरी अशा पडद्यावर चालून जाते. पण मोडीत सारख्या दिसणाऱ्या अक्षरांतलं नेमकं कोणतं, हे एका गाठीवरून किंवा वळणावरून ठरवायचं असतं. वरची रेघ आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून घ्यायची आणि अक्षरं हात न उचलता तिच्याखाली लटकवत जायची, अशी ती लिपी. तिथं धूसर पडद्यावर तुम्ही अक्षर वाचणार नाही, अंदाज बांधणार. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा. व्हिडिओ बघायला, पेपर वाचायला त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

वीस-एकवीस हजारांच्या पट्ट्यात सॅमसंगचा टॅब ए९ प्लससारखे बरे टॅब मिळतात. पडदा ११ इंची, ठिपके १९२० गुणिले १२००. वाचन निभेल. पण त्याला सॅमसंगचा एस पेन चालत नाही आणि तुम्हाला पेन हवंच आहे. ते का, हे पुढं सांगतो. पेन डब्यातच हवं असेल तर सॅमसंगचाच टॅब एस६ लाइट आहे, २०२४ मध्ये नव्यानं आलेला. त्याचा पडदा १०.४ इंची आहे आणि पेन वेगळं विकत घ्यावं लागत नाही. दुकानात दिसला तर हातात घेऊन बघा.

मुलाचा एअर. एम३ चिपचा ११ इंची एअर ५९,९०० ला आला, म्हणजे पंचवीस हजार जास्त. चिपसाठी तुम्ही एक पैसाही मोजू नये. स्कॅन उघडायला, त्यावर खुणा करायला ए१६ गरजेपेक्षा जास्त आहे. पण एअरच्या पडद्यात एक गोष्ट खरोखर चांगली आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. त्याची काच आणि खालचा पडदा एकमेकांना चिकटवलेले आहेत, आणि वर प्रतिबिंब कमी करणारा लेप आहे. साध्या आयपॅडमध्ये काच आणि पडदा यांच्या मध्ये बारीक पोकळी राहते. पेन्सिल टेकवली की टोक आणि उमटलेली रेघ यांत केसभर अंतर दिसतं, तिरक्या नजरेनं बघाल तर जास्त. हाताला याची सवय होते, बहुतेकांची होतेच. पण तुम्हाला दाटीवाटीच्या ओळीत दोन अक्षरांच्या मध्ये खूण करायचीय, म्हणून दुकानात तेच करून बघा. खटकलं नाही तर एअर विसरा. या पोकळीचा एक फायदाही आहे. काच फुटली तर एकटी काच बदलता येते, पडदा वाचतो.

आता खऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे येतो, ज्याचं नाव तुमच्या पत्रात कुणीच घेतलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये शाओमीचा पॅड ७ आला. किंमत २७,९९९ पासून. पडदा ११.२ इंची, ठिपके ३२०० गुणिले २१३६. आकारही कागदाच्या जवळ जाणारा, त्यामुळे तुमचं ए-४ पान त्यावर साठ लाखांहून अधिक ठिपक्यांत दिसेल. त्यांचं पेन वेगळं, ५,९९९ ला. दोन्ही मिळून चौतीस हजारांच्या आत. नुसतं 'मोडी कागद कुठं जास्त स्पष्ट दिसतो' एवढंच विचारलंत, तर उत्तर शाओमी.

तरीही माझं बोट आयपॅडकडे जातं, आणि त्याचं कारण यंत्रात नाही, तुमच्या घरात आहे. मुलगा आयफोन वापरतो. रात्री नऊ वाजता एखादी फाइल गायब झाली, पडदा आडवा होईना, पेन्सिल जोडली जाईना, की तुम्ही त्यालाच फोन करणार. दोघांकडे ॲपलची यंत्रं असली तर फेसटाइमवर, म्हणजे ॲपलच्या व्हिडिओ कॉलवर, तुम्ही तुमचा पडदा त्याला दाखवू शकता. तो पुण्यात बसून 'बाबा, वर उजवीकडे' असं म्हणेल तेव्हा त्याला तेच दिसत असेल जे तुम्हाला दिसतंय. अँड्रॉइडवर अशी सोय नाही असं नाही, पण ज्यानं समजवायचं त्यालाच ते यंत्र अनोळखी असलं की दोघांचाही धीर सुटतो. या वयात टॅब घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे विचारतो की अडल्यावर फोन कुणाला लावणार, आणि त्या माणसाच्या हातात काय आहे. उद्या तुमच्या मोडी वर्गातला एखादा सोबती पॅड ७ वापरताना दिसला आणि तो हाकेच्या अंतरावर राहत असेल, तर माझा सल्ला उलटा करायला माझी हरकत नाही.

दुसरं कारण टिकण्याचं. २०१९ चा साधा आयपॅड २०२४ मधली आयपॅडची यंत्रप्रणाली, आयपॅडओएस १८, घेऊ शकला. म्हणजे पाच वर्षांनीही कंपनीनं त्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. तुम्ही दर दोन वर्षांनी टॅब बदलणारे नाही, म्हणून हे महत्त्वाचं.

पेन्सिलीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या कामातला अर्धा जीव तिच्यात आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. वाचणाऱ्याचं पहिलं काम शब्द सुटे करणं. मूळ कागदावर पेन्सिल टेकवणं हे पाप, झेरॉक्सवर केलं तर झेरॉक्सचा ढीग. टॅबवर स्कॅनची एक प्रत काढायची आणि तिच्यावर हव्या तितक्या उभ्या रेघा मारायच्या, न लागलेल्या अक्षराला गोल करायचा, 'मौजे' सापडला की पुढचं गावाचं नाव रंगवायचं. चुकलं तर पुसायचं. आयपॅडच्या फाइल्स ॲपमध्ये पीडीएफवर किंवा चित्रावर लिहायची सोय मुळातच आहे, त्यासाठी कुठलंही ॲप विकत घेऊ नका. फक्त एक पथ्य पाळा. ज्या फाइलवर लिहाल ती तशीच लिहिलेली राहते, म्हणून पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइल्सना हात लावायचा नाही. आधी टॅबवर प्रत, मग खुणा.

पडदा दोन भागांत विभागताही येतो. डावीकडे कागद, उजवीकडे नोट्स, तिथं पेन्सिलीनं देवनागरीत लिप्यंतर लिहीत जायचं. हे फोनवर होत नाही, आणि वहीत केलं तर नजर सारखी वर-खाली फिरते.

यात एक अपेक्षा मात्र ठेवू नका. पेन्सिलीनं लिहिलेलं तुमचं देवनागरी हस्ताक्षर आयपॅड आपोआप टाइप करून देईल, असं धरून चालू नका. तुमचं अक्षर तिथं चित्र म्हणूनच राहील. अँड्रॉइडवर जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखनाचा पर्याय आहे. बोटानं किंवा पेनानं लिहिलं की टाइप केलेला शब्द येतो. हे अँड्रॉइडच्या पारड्यात टाकायचं वजन आहे आणि तुमच्यासाठी ते किती हे तुम्हीच ठरवा. मला ते कमी वाटतं, कारण अंतिम लिप्यंतर तुम्ही कॉम्प्युटरवर टाइप करता आणि ते तिथंच बरं. आणखी एक गंमत तुमच्या आताच्या फोनवर करून बघा, तो अँड्रॉइड असेल तर. जीबोर्डला २०१७ पासून बोललेलं मराठी कळतं. कागद मोठ्यानं वाचत गेलात तर तो लिहीत जाईल. 'बितपशील', 'मोर्तब सुद' असे शब्द आले की काय उमटेल ते सांगत नाही, स्वतःच बघा. पण साधी वाक्यं बरी उतरतात.

कुठली पेन्सिल घ्यायची? ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० ला आहे, पहिल्या पिढीची ९,५०० ला. महागडीला दाब कळतो, म्हणजे जोर दिला की रेघ जाड होते. चित्रकारांना ते हवं असतं. तुम्ही म्हणाल, मोडीच्या सरावाला जाड-बारीक रेघ लागतेच की. लागते, पण बोरूची रेघ जाड-बारीक होते ती टोकाच्या तिरक्या कापामुळे आणि तो धरण्याच्या कोनामुळे, दाबामुळे नव्हे. तो सराव कागद-बोरूवरच चालू ठेवा. टॅबवर फक्त खुणा आणि लिप्यंतर. त्यासाठी इतर कंपन्यांच्या दोन-तीन हजारांतल्या पेन्सिलीही आयपॅडवर चालतात. घेताना एवढंच बघा की लिहिताना तळहात पडद्यावर टेकला तर वेड्यावाकड्या रेघा उमटत नाहीत. सुरुवात अशा पेन्सिलीनं करा. चाळीस हजारांत बसायचं असेल तर तोच मार्ग आहे: टॅब ३४,९००, पेन्सिल अडीच हजारांच्या आसपास, साधं बरं कव्हर हजार-दीड हजारांचं.

दुकानदार आणखी काही पुढं करील. मॅजिक कीबोर्ड फोलिओ, २४,९०० रुपये: नको. टॅबच्या दोन तृतीयांश किमतीचा कीबोर्ड घेऊन मराठी टाइप करायची काहीच गरज नाही, घरी कीबोर्ड आहे. सिमकार्डवाला आयपॅड, ४९,९००: नको. तुम्ही घरी वाचणार, बाहेर लागलंच तर फोनचा हॉटस्पॉट. पडद्यावर लावायची खरखरीत, कागदासारखी फिल्म: ही तर मुळीच नको. लिहायला छान वाटतं, पण पडदा किंचित धुरकट होतो, आणि ज्या स्पष्टतेसाठी आपण एवढे पैसे घालतोय तिच्यावरच पडदा पडतो. काचेवर चमक येते हे खरं. ओसरीत किंवा खिडकीकडे तोंड करून बसाल तर त्रास होईल, तेव्हा खिडकी बाजूला येईल असं बसा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण दुकानात येणार आहे: जुना, दहाव्या पिढीचा ६४ जीबीचा आयपॅड 'स्टॉक संपवायचाय' म्हणून कमी भावात देऊ केला तर? पडदा आणि पेन्सिल तीच आहे, म्हणजे तुमच्या वाचनात तिळमात्र फरक पडणार नाही. प्रश्न जागेचा. तुमच्या फाइल्सच्या नावाचं शेपूट बघा. जेपीजी असतील तर एक पान साधारण तीन-पाच एमबीचं, हजार पानं पाच जीबीत बसतात, आणि ६४ पुरतात. टिफ असतील, तेही न आकुंचवलेले, तर एक रंगीत पान २६ एमबीच्या घरात जातं. हजार पानांना २६ जीबी. त्यात खुणांसाठीच्या प्रती आणि यंत्राची स्वतःची जागा धरली की ६४ अपुरे. जेपीजी असतील आणि जुना पाच-सहा हजारांनी स्वस्त मिळत असेल तर मी जुना घेईन. दोन हजारांसाठी नाही.

वजनाचं सांगायला हवं. ४७७ ग्रॅम, कव्हरसकट त्याहून बरंच जास्त. हातात धरून दहा मिनिटांवर वाचू नका, मनगट बोलू लागेल. पोथी ठेवायचा लाकडी स्टँड घरात असेलच, त्यावर ठेवा. मान सरळ राहते. पेनड्राइव्ह जुन्या रुंद तोंडाचा असेल तर शे-दोनशे रुपयांची सी-टाइप ओटीजी पिन लागेल, ती दुकानात जातानाच जवळ ठेवा. नाहीतर सगळी परीक्षा तिथंच अडकेल.

उडालेल्या शाईसाठी एक युक्ती. स्कॅन फोटोंमध्ये घेऊन संपादनात कॉन्ट्रास्ट आणि ब्लॅक पॉइंट हळूहळू वाढवत न्या. फिकट तपकिरी शाई बऱ्याचदा वर येते. पाठीमागून उमटलेलं अक्षरही त्याबरोबर गडद होतं, म्हणून मध्ये कुठंतरी थांबावं लागतं. या आयपॅडच्या कॅमेऱ्याला फ्लॅश नाही, हे काही लोक दोष म्हणून सांगतात. जुन्या कागदांवर फ्लॅश मारायचाच नसतो, त्यामुळे तुमचं काही बिघडत नाही.

ॲपलची नवी कृत्रिम बुद्धिमत्ता या आयपॅडवर चालत नाही, हेही कुणीतरी ऐकवेल. तिला मराठी येत नाही, मोडी तर दूरच. सोडून द्या.

 मुलगा पाडव्याला सुटीवर येणार असेल तर आदल्या दिवशी दोघं मिळून जा. कराडात डेमोचा आयपॅड हाताळायला मिळाला नाही तर कोल्हापूरला जा. बंद खोका बघून घेऊ नका. मुहूर्ताच्या सवलती बहुतेक ठरावीक बँकांच्या कार्डावर असतात, तेव्हा मुलाचं कोणतं कार्ड चालतं ते आधी विचारा. 'नो कॉस्ट ईएमआय'चा आग्रह होईल. त्यात बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट देतो, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येतं. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बऱ्याचदा हातची जाते. पैसे बाजूला ठेवलेले असतील तर एकरकमी द्या. बिल स्वतःच्या नावावर घ्या, वॉरंटी एक वर्षाची असते, आणि जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे ते दुकानदाराकडून त्याच बिलाच्या मागं लिहून घ्या.

राहिला जुना कॉम्प्युटर. काढू नका. टॅबवर वाचायचं, शेजारी कॉम्प्युटरवर टाइप करायचं, अशी जोडी तुमच्या कामाला हवी आहे. आता स्कॅनसाठी वेगळी खिडकी उघडायची नाही, म्हणून त्याच्या पडद्यावर फक्त तुमचं लिप्यंतर राहील आणि तो आत्तापेक्षा सुसह्य वाटेल. शिवाय ॲपल इंटरनेटवरची साठवण फुकटात पाचच जीबी देते, त्यात तुमचे स्कॅन मावणार नाहीत. सगळ्या कागदांची एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर असलीच पाहिजे. आत्ता एकाच पेनड्राइव्हवर सगळं असेल, तर टॅबच्या आधी ते काम आज संध्याकाळी करून टाका.